ऊनाचं घर कुठलं?

हाँगकाँग, ३ मार्च १९५८

ती. ब्रीजआत्यास ऊनाचा साष्टांग नमस्कार.

कचेरीत नवं खूळ निघालंय. वीस वर्षं नोकरी झाल्यावर साहेबांना प्रश्न पडलाय, मी परदेशी अधिकारी की इथलीच? जन्म इथला, बाबा इथल्याच पोलिसांत, शाळा इथल्या नन्सकडे. मग आयर्लंड घर कसं, म्हणतात. परदेशी ठरले तर पूर्वीसारखं दर तीन वर्षांनी बोटीचं तिकीट आणि सहा महिने रजा. इथली ठरले तर आपण दोघींनी फक्त पत्रांतच भेटायचं. माझं घर तिकडेच आहे, अशी चिठ्ठी साहेबांना धाड. दोनच ओळी हं, आत्या!

तुझी ऊना

बॅन्ट्री, आयर्लंड, १४ मार्च

चि. ऊनास अनेक आशीर्वाद.

दोन ओळी लिहायला मी काय तारमास्तर आहे? चार पानं धाडली. माडीवर तुझी खाट तशीच आहे, सध्या तिच्यावर कोंबडी अंडी उबवतेय, पण तू आलीस की उठेल, असं स्पष्ट लिहिलंय. फादर क्रोनिननी खाली सही केली. कोंबडीचं तेवढं गाळा म्हणाले. नाही गाळलं. शिवाय मागच्या रजेत डब्लिनहून मला लिहिलेलं तुझं पत्र जोडलंय. पहिलीच ओळ, 'घरची फार आठवण येते.' वाचून साहेब विरघळेल.

आत्या

हाँगकाँग, २ एप्रिल

ती. आत्यास सा. न.

अगं, पान उलटून तरी बघायचंस! मागे लिहिलंय, 'कधी एकदा घरी जाऊन आ सामच्या हातची माशाची पेज खाते.' आ साम माझी इथली स्वयंपाकीण! साहेबांनी तांबड्या शाईने रेघ ओढली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, बॅन्ट्रीत पेज मिळते का. पंधरा दिवसांत निकाल. खोटं तरी काय बोलू? ते मीच लिहिलं होतं.

ऊना

बॅन्ट्री, १० एप्रिल

चि. ऊनास आशीर्वाद.

चष्म्याचा दोष. पण घाबरू नकोस, साहेबाला निकाल थांबवायची तार केली आणि मागोमाग तुझी तिथून आलेली एकतीस पत्रं धाडली. प्रत्येकात आहे, 'घरी कधी येते असं झालंय.' लिहिलं, ही पोरगी जिथे नसते तेच तिचं घर. आता ठरवा तुम्ही. मी एकोणऐंशीची आहे, जरा लवकर ठरवा.

आत्या

हाँगकाँग, ९ मे

ती. आत्यास सा. न.

एकतीसच्या एकतीस पत्रं साहेबांनी वाचली. मग शेरा मारला, 'या बाई दोन्हीकडे परक्या. तिकीट मंजूर.' हसू आलं, मग रडूही.

सप्टेंबरच्या बोटीने घरी येते, कोंबडीला कळव. मार्चमध्ये घरी परत जाईन. हे शेवटचं वाक्य मात्र कुणाला दाखवू नकोस.

लोभ आहेच, तो आता फाइलीतही लागलाय.

तुझी ऊना