कंदिलाचा झगा

सूनबाई,

आज बेकरीत पहाटेची शिफ्ट आहे, म्हणून न उठवताच निघतेय. छोटीचा नाटकातला कंदिलाचा झगा शिलाई मशीनवर ठेवलाय. गळ्याशी एक टाचणी राहिलीये, घालण्याआधी आठवणीने काढ.

काल ती रडत झोपली, ते माझ्यामुळे. झगा तिच्या अंगाला लावून बघत होते, तर म्हणाली, "आजी, गोष्टीत दारात कंदील लावला की हरवलेलं पिल्लू घरी येतं. मग मोठे काका का नाही येत?" माझं डोकंच फिरलं. "गोष्टी खोट्या असतात," म्हणून खेकसले. तिने झगा भिरकावला. नाटकात कामच करणार नाही म्हणाली.

त्या खारीच्या पिल्लाच्या गोष्टीचं सगळ्या जगाला कौतुक. तुझा नवराही लहानपणी रोज तीच सांगायला लावायचा. पण थोरला घर सोडून गेल्यापासून मला ती ऐकवत नाही. शेवटी सगळे हसत जेवायला बसतात ना, तिथे तर अंगाचा तिळपापड होतो. पण त्यात पोरीचा काय दोष? वड्याचं तेल वांग्यावर काढलं मी.

तिला समजावून शाळेत ने. काम संपलं की मी थेट तिकडेच येते, मागे उभी राहीन.

आणि दारातला दिवा उठल्या उठल्या बंद करू नकोस, छोटी जागी होईपर्यंत राहू दे. गोष्टी खोट्या असतात का, असं तिने पुन्हा विचारलं तर तो दिवा दाखव. म्हणावं, आजी तो रोज लावते, ते काय उगीच?

– आई