वाऱ्याच्या खोलीत अनवाणी

कॅन्सस, अमेरिका
रविवार, १० ऑक्टोबर २००४

प्रिय दिपेशदादास,

हर्षालीचा नमस्कार. मी मजेत आहे. तुम्हीही मजेत असणार, कारण टोकावड्यात काही बिघडलं असतं तर आये फोनवर आधी रडली असती आणि मग कारण सांगितलं असतं. भात कापणीला आलं का? आबांचा गुडघा काय म्हणतो? गोळ्या खरंच घेतात, की तुझ्या धाकाने घेतल्यासारखं करतात? आणि तू रविवारी कल्याणला कॉम्प्युटरच्या क्लासला जातोस ना अजून? त्याबद्दल नंतर लिहिते.

इथे थंडी सुरू झाली. या कॅन्ससमध्ये डोंगर म्हणून नाही. आपल्याकडे सकाळी दार उघडलं की माळशेजचा कडा समोर, इथे दार उघडलं की समोर काहीच नाही. वाऱ्याला अडवणारं कोणी नाही, त्यामुळे तो मोकाट. गेल्या वर्षी मी त्याला रोज शिव्या घालायचे. आता घालत नाही. का, तेच सांगायला बसले आहे. दादा, इतकं सांगायचंय की माझं मलाच आवरेना झालंय.

इथे आल्या आल्या शाखा ठरवावी लागत नाही. दुसऱ्या वर्षी सही करून सांगायचं, मी अमुक शाखेची. माझी तर घरून निघतानाच ठरली होती. माझ्याकडून शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घेणाऱ्या चंद्रकला मॅडमनी मुरबाडच्या कॉलेजात हार घालताना तेच सांगितलं, आणि तू तर एसटीच्या कंडक्टरलासुद्धा सांगितलंस, "बहीन आपली कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायला चाललीय." कॉम्प्युटरचा अभ्यासही बरा चाललाय. मार्क चांगले आहेत, काळजी करू नको.

पण सप्टेंबरात एक गंमत झाली. माझ्या खोलीत राहते ती वांजिरू, नैरोबीची, विमानांच्या शाखेची. म्हणाली, चल, आमची प्रयोगशाळा दाखवते. तिथे विंड टनेल आहे. म्हणजे मोठ्ठा पत्र्याचा बोगदा, एका टोकाला माणसाहून उंच पंखा, मधे काचेची खिडकी. खिडकीच्या आत विमानाचा छोटासा पंख बसवायचा आणि त्याच्यावर वारा सोडायचा. विमान हवेतून धावलं काय आणि हवा विमानावरून धावली काय, हिशेब एकच. दाराशी वांजिरू हे सगळं मला समजावत होती, आणि मी काय केलं असेल? बूट काढले. भिंतीशी नीट जोडीने ठेवले आणि मोज्यांवर आत गेले.

विचार करून नाही रे. पाय आपोआप मोकळे झाले. खळ्यात चपला घालून आलेलं माणूस आयेला चालतं का कधी? ते मुंबईचे पाहुणे बुटासकट राशीजवळ गेले होते, तर तिने त्यांना चहासुद्धा तोंड वाकडं करून दिला होता. वारा द्यायची जागा म्हटलं की अनवाणी, एवढंच माझ्या पायांना ठाऊक.

आत फरशीवर पत्र्याच्या कपच्या पडलेल्या असतात, तिथे बुटाशिवाय पाऊल टाकायला बंदी. लिंडक्विस्ट म्हणून प्रोफेसर आहेत, पांढऱ्या भुवयांचे, आवाज थेट बैलांवर खेकसणाऱ्या आपल्या नवशाकाकाचा. ते असे ओरडले की मी धूम बाहेर. रडकुंडीला येऊन बूट चढवले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, साहेब, आमच्याकडे भात झोडून झाला की सुपातून वरून सोडतात आणि वारा देतात, त्या जागी आम्ही पायात काही घालत नाही.

त्यांनी विचारलं, वारा दिल्यावर काय होतं? म्हटलं, दाणा पायाशी पडतो, फोल लांब उडतं. किती लांब? वारा असेल तसं. कसल्या वाऱ्याला किती लांब? आणि का? दादा, लहानपणापासून डोळ्यांत फोल घेऊन डोळे चोळणारी मी, आणि मला सांगता येईना. मला वाटलं आता हसतील. तर त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, कागद ओढला आणि म्हणाले, बस, काढूया.

त्या दिवशी माझा कॉम्प्युटरचा तास बुडला. नंतर आणखी बुडाले.

तू इथे असायला हवा होतास! पंखावरून धूर सोडतात, त्याच्या रेघा पंखाला चिकटून सरळ जातात. पंखाचं नाक हळूहळू वर उचलायचं. एका ठिकाणी त्या रेघा एकदम सुटतात, सगळा धूर विस्कटतो आणि पंख थरथरायला लागतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी काचेला नाक लावून ओरडले, "आयो, सुटला!" सगळे वळून बघायला लागले. आणि तुला आठवतं, कड्याखाली शेळ्या सोडून आपण बसायचो, घारी पंख न हलवता वर वर जायच्या आणि तू म्हणायचास, "त्यांला लिफ्ट हाय." खरंच आहे रे! इथेही त्याला लिफ्टच म्हणतात, कड्याला आपटून वर चढणारा वारा. तू चेष्टेत बोललास आणि मी ते लिंडक्विस्टसाहेबांना आकृती काढून दाखवलं.

मागच्या आठवड्यात आयेला फोनवर नुसतं सुचवून पाहिलं, की मला विमानं बनवायला शिकावंसं वाटतंय. आये म्हणाली, "बस ना विमानात, कोन नाय म्हनतो? पन बनवाची कशाला गो? आधी कोनी बनवलेली हायत ना?" मी हसले, तीही हसली. मग म्हणाली, "दिपेशला सांगितलंस का?" मी म्हटलं, सांगते.

म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला गेले असते तर तू "बरं बरं" म्हणाला असतास आणि मला तुझं तोंड दिसलं नसतं. पत्रातही दिसत नाही, पण निदान तू मधे बोलून माझा धीर मोडणार नाहीस.

वर मी आयेला सुचवून पाहिलं म्हणून लिहिलंय. पण सही मी त्याआधीच करून आले होते. एरोस्पेस इंजिनिअरिंग. मला इतका आनंद झाला होता की बाहेर येऊन त्या मोकाट वाऱ्यात मी एकटीच पळत सुटले.

आता जे लिहायचं टाळतेय ते. शाखा निवडताना सल्ला देणाऱ्या बाई आहेत, त्यांनी मला बसवून स्पष्ट सांगितलं. तू परदेशी आहेस. विमानांच्या पुष्कळशा नोकऱ्या इथे फक्त इथल्या नागरिकांना देतात, कायदाच तसा आहे. कॉम्प्युटरमध्ये राहिलीस तर बहुतेक इथेच नोकरी लागेल. विमानं घेतलीस तर बहुतेक घरी जावं लागेल. पुन्हा विचार कर. मी विचार केला. दोन दिवस जेवण गेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तू होतास, सहारच्या विमानतळावर, माझी बॅग सोडायला तयार नसलेला. "चार वर्सं गो. मंग मला बोलाव. मी हाय तयार."

दादा, मी तुला बोलावू शकणार नाही.

त्या भरवशावर तू पासपोर्ट काढलास, कल्याणचा क्लास लावलास, मुरबाडच्या कारखान्यात बढतीचं विचारलं तर "मी काय इथं राहणार नाय" म्हणून सांगितलंस. आणि आसनगावच्या प्रेमाला लग्नासाठी थांबवून ठेवलंस. तिचे वडील दोनदा येऊन गेले, हे आयेने मला सांगितलंय. प्रेमा काही बोलत नाही म्हणून तिला घाई नाही असं समजू नकोस. रागाव माझ्यावर, तुझा हक्कच आहे. वाटल्यास दिवाळीपर्यंत बोलू नकोस. पण मी चुकले असं मला वाटत नाही आणि खोटी क्षमा तुझ्याकडे मागणार नाही. कॉम्प्युटर मी तुझ्यासाठी शिकले असते आणि जन्मभर मनातल्या मनात तुझ्यावरच चिडले असते. ते मला नको होतं.

मी शिकून घरी येणार. आपल्या देशातही विमानं बनतात, बंगळूरला, आणि तिथे मला कोणी परदेशी म्हणणार नाही. तोवर तू थांबू नकोस. बढतीचं पुन्हा विचार. प्रेमाच्या घरी आबांना घेऊन जा, आणि तारीख मे महिन्यातली काढा, मला सुट्टी असते. तिकिटाचं माझं मी बघते.

मी आल्यापासून तू माझ्या बोलावण्याकडे डोळे लावून बसलास. आता तू मला बोलाव. आयेला, आबांना माझा नमस्कार सांग, प्रेमाला काय सांगायचं ते तूच ठरव.

तुझ्या लग्नाच्या बोलावण्याची वाट बघणारी,
तुझीच
हर्षाली