फोटोच्या कडेचं कोपर

मी, टॉइवो कांगास, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार पाइक नॅरोज, ऑन्टारिओ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोकं शाबूत आहे. माझ्या मुलीचं मत वेगळं असलं तरी ते ग्राह्य धरू नये. आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

घर, तळ्याकाठची वाफेची न्हाणी, म्हणजे साऊना, आणि बँकेतली शिल्लक मुलगी आइला हिला द्यावी. साऊनातली लाकडावरची भट्टी बदलू नये. विजेची आणलीस, आइला, तर मी येऊन बघेन.

स्केट्सना धार लावायचं यंत्र गावच्या बर्फावरच्या हॉकीच्या रिंकला द्यावं. शेजारी हॅरल्डने नेलेलं बर्फ उपसायचं फावडं त्याच्याकडेच राहू द्यावं. मागून मागून माझं तोंड दुखलं.

आता मुद्द्याचं. गावच्या हॉकी गौरव दालनाने मला मानाचा कोट चढवला, पितळी पाटी लावली, काचेच्या कपाटात माझी जर्सी टांगली. वर अंतिम सामन्याचा फोटो आहे, मी विजयी गोल मारताना. त्याच्या डाव्या कडेला एक कोपर दिसतं. ते रेजाँ पोमर्लोचं. गोलसमोर दोन दांडगे गडी अंगावर घेऊन त्याने मला वाट करून दिली, त्यात दात गमावले, आणि फोटो चौकटीत बसेना म्हणून दालनाने त्यालाच कापलं. दरवर्षी मी त्याचं नाव सुचवतो आणि दरवर्षी अध्यक्ष प्रिचर्ड विचारतात, "टॉइवो, पण त्याचे गोल किती?" अहो, बचावपटूचे गोल कसले मोजता? मला याचा अजून राग येतो.

बर्फावरच्या हॉकीत चेंडू नसतो, रबरी चकती असते; त्या गोलची चकती माझ्याकडे आहे आणि दालन तिच्यावर कधीपासून डोळा ठेवून आहे. ती त्यांना द्यावी, पण अख्खा फोटो लावून रेजाँचं नाव माझ्या शेजारी, माझ्याएवढ्याच अक्षरांत कोरलं तरच. वर्षभरात हे न झाल्यास आइलाने मासेमारीसाठी बर्फात पाडलेल्या भोकातून चकती तळ्यात सोडावी आणि माझी पाटीही उतरवून आणावी.

माझा ट्रक रेजाँला द्यायचा होता. काल त्याला फोनवर तेवढं सांगितलं, तर म्हणाला, "तुझा खटारा कोणाला हवाय, म्हाताऱ्या? साक्षीदार म्हणून मीच सही करतो."

"साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, रेजाँ."

"म्हणून तर करतोय."

जन्मभर याने हेच केलं. मला भरून आलं, पण मी खोकून वेळ मारून नेली. सबब, ट्रकही आइलाला.

मात्र वकीलबाईंना मी विचारून ठेवलंय. दालनाची भिंत माझ्या मालकीची नाही, त्यामुळे तिथली जागा मिळायला रेजाँची सही आड येत नाही. साक्षीदाराने मला सही करताना बघायचं असतं, मजकूर वाचायचा नसतो. तेव्हा सहीच्या वेळी वरची पानं झाकून ठेवावीत.

पाइक नॅरोज, १४ फेब्रुवारी २०१९

सही: टॉइवो कांगास

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. लोर्ना विकेट, वकील
२. रेजाँ पोमर्लो (ट्रक नको. पानं का झाकलीत?)