फोर्कलिफ्ट विकणे आहे

८ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल आहोत. आईचे गुडघे मात्र तसेच. फाटकापर्यंत जाते नि परत येऊन व्हरांड्यात बसते. बाग दिसावी म्हणून मी तिची खुर्ची त्या बाजूला वळवून ठेवली आहे.

पत्रास कारण बाबांची फोर्कलिफ्ट. बाबा गेल्यापासून शेडमध्ये उभी आहे. फळांच्या पेट्या आता व्यापाऱ्याचीच माणसं उचलतात, मग हा पांढरा हत्ती कशाला पोसायचा? आईला विचारलं, तर तुला योग्य वाटेल ते कर म्हणाली. पण गिऱ्हाईक आलं की ही बया चालू होत नाही. एकदा बॅटरीची वायर सुटलेली, एकदा डिझेलचा कॉक बंद. लोक हात हलवत परत जातात आणि नंतर मी किल्ली फिरवली की लगेच सुरू. शिवाय दोन वर्षं उभ्या गाडीची बॅटरी जिवंत कशी? चाकांना ओली माती कुठून आली? सकाळी मी बाजारात असतो, तेव्हा कोण काय करतं देव जाणे. गडी शपथेवर नाही म्हणतो. लहानपणी डब्यातली साखर कोण खातं ते तूच शोधायचीस. आता हेही शोध.

आहे ती माया तशीच ठेव.
तुझा धाकटा


१५ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

साखर तूच खायचास, त्यात शोधायचं काय होतं? असो. तुझं पत्र ऑफिसात फायलींच्या आड दोनदा वाचलं, इतकी मजा वाटली. चोर असता तर गाडी घेऊन पसार झाला असता. हा रोज आणून जागेवर लावतो, म्हणजे चांगल्या घरचा दिसतो. उगाच गड्यावर आळ घेऊ नकोस. चाकांच्या खुणा कुठवर जातात ते बघ, आणि सीटही नीट बघ. मग कळव. मला आता चैन पडायचं नाही.

आईची आणि स्वतःची काळजी घे. पत्राची वाट पाहते.
तुझी ताई


२१ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खुणा थेट बागेच्या पार टोकाला जातात, बाबांनी शेवटी लावलेल्या झाडांपाशी. तिथलं गवत दबलंय आणि खालच्या वाळक्या फांद्या कुणीतरी छान छाटल्यात. असला कामसू चोर मी पाहिला नव्हता. सीटवर आईच्या खोलीतली भरतकामाची उशी सापडली. तिला विचारलं, तर शांतपणे म्हणाली, मांजर बसतं त्यावर. ताई, आपल्याकडे मांजर कधीपासून आहे?

पुढच्या रविवारी एक मेकॅनिक गाडी बघायला येतोय. तो वायरी-बियरी जागेवर लावून गाडी घेऊनच जाईल, म्हणजे हा घोळ एकदाचा संपेल.

तुझ्या लोभावरच चाललं आहे.
तुझा धाकटा


२४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अरे खुळ्या, उशी आईची, झाडं बाबांची, तू बाजारात आणि घरात माणसं दोन. आणखी किती फोड करून सांगू? गुडघ्यांनी फाटकाशी हात टेकले, तिने नाही टेकले. गाडी गेली तर तिच्यापाशी उरेल ती तू वळवून ठेवलेली खुर्ची. मेकॅनिक येण्याआधी एक दिवस बाजार बुडव आणि बघ. ओरडू नकोस, अडवूही नकोस.

मोठी बहीण आहे, एवढं ऐकशील ना?
तुझी ताई


३० ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डिझेलच्या पिंपाआड लपलो होतो. आई काठी टेकत आली. स्टुलावर पाय ठेवून, मध्ये दोनदा दम खात, चढली. धावत जाऊन धरावंसं वाटलं, पण तुझं ऐकून पिंपाआडून हललो नाही. गाडी तिने इतक्या सफाईने मागे घेतली की तशी मला आजवर जमलेली नाही. मी मागोमाग चालत गेलो. टोकाच्या झाडांपाशी थांबून, सीटवर बसल्या बसल्या ती फांद्या छाटू लागली. मला पाहून दचकलीसुद्धा नाही. आज बाजार नाही का, एवढंच विचारलं.

मला राग आला होता आणि रडूही येत होतं. म्हटलं, पडली असतीस म्हणजे? मला सांगायचं होतंस, रोज आणलं असतं इथे.

ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, तू आणलंच असतंस रे. पण मला कुणी आणायला नको होतं, मला यायचं होतं.

परत येताना गाडीशेजारून चालत आलो. मेकॅनिकला येऊ नका म्हणून निरोप धाडला. घरी आल्यावर किल्ली आईच्या हातात ठेवली आणि म्हटलं, आजपासून ही तुझी. तिने ती मला परत दिली. म्हणाली, राहू दे तुझ्याकडे, मी माझी वेगळी करून घेतली आहे.

भावजींना नमस्कार. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा