ओट्यावरचं ताट

आत्याबाई, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही गेलेला नाही. आज तर तो नव्यानं उफाळून आला. परतूरला आम्हा आशा बायकांचं प्रशिक्षण होतं. डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्याच्या आजाराबद्दल सांगत होत्या. म्हणाल्या, साऱ्या जगाला ह्याची काळजी लागलीय, देशोदेशी ह्यावर बैठका होतात, हे नुसतं म्हातारपण नव्हे, हा मेंदूचा रोग आहे. मग खुणांचा कागद वाटला. तिसरी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. जेवल्याचं विसरतात, उपाशी ठेवलं म्हणून घरच्यांवर आळ घेतात. मी चार वर्षं ज्यात जळाले, ते सगळं छापील एका ओळीत! जगाला काळजी लागली म्हणे. आष्टीच्या आपल्या गल्लीत कुठं होतं हे जग तेव्हा? बाईंनी विचारलं, "कुणी घरात पाहिलंय का असं?" मी हात वर केला नाही. का नाही केला, ते सांगते.

मी नांदायला आले तेव्हा माझी पहिली भाकर तुम्ही तव्यावरून उचलून बाजूला टाकली होती. "हे काय चामडं थापलं?" म्हणालात, आणि माझ्या शेजारी बसून दुसरी थापून दाखवलीत. वर बजावलंत, "ह्या दारातून कुणी उपाशी जायचं न्हाई, ध्यानात ठेव." ठेवलं हो ध्यानात. त्याच दारात बसून तुम्ही साऱ्या गल्लीला सांगायला लागलात, "सून मला जेवू घालत न्हाई. सकाळपासून पोटात घास न्हाई." हात धुवून अर्धा तास झालेला नसायचा. बोटांना वरणाचा वास असायचा तुमच्या!

लुगडं ज्वारीच्या कोठीत कोंबलंत, तेव्हा लोक म्हणाले म्हातारचळ. पोटच्या मुलाला भावजी म्हणालात, तेव्हाही म्हातारचळ. पण सून उपाशी ठेवते म्हणालात, तेवढं एकच बोलणं सगळ्यांनी शहाण्या माणसाचं धरलं. समोरच्या काकू पदराखाली भाकर झाकून आणायच्या आणि माझ्याकडे असं बघायच्या, जणू मी कुणाचा गळा दाबलाय. मी तुमच्या मुलाला म्हटलं, "अहो, तुम्ही तरी सांगा. तुमच्यासमोर जेवल्या त्या." तर म्हणे, "जाऊ दे, कुणाकुणाच्या तोंडाला लागायचं?" माझं नाव मातीत चाललं होतं आणि ह्यांना ताटातून मान वर करायची सवड नव्हती. मंग मी तुमचं ताट ओट्यावर आणलं. भर गल्लीत वाढायची आणि हाक मारायची, "काकू, बघून घ्या! दोन भाकरी, वांग्याचं कोरड्यास, वाटीभर दूध!" काकू दार लावून घ्यायच्या. तुम्ही मात्र लाजायचात. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर घास घेताना पदर पुढं ओढायचात. ते मला दिसत होतं. तरी मी ताट आत नेलं नाही.

एक दिवस तीर्थपुरीहून नणंदबाई डबा घेऊन आल्या. ओट्यावर बसून तुम्हाला घास भरवले आणि गल्लीभर ऐकू जाईल असं रडल्या, "माझ्या आईला उपाशी मारून राह्यली ही अवदसा!" तुम्ही घास चावत मान हलवत होतात. नेमका माझा बाप त्या वेळी भेटायला आल्ता. दारातूनच मागं फिरला, घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही. पुढं तुमच्या तेराव्याला मी पंगतीत बुंदी वाढत होते, तेव्हाही एक बाई दुसरीला म्हणाली, "जित्तेपणी वाढलं असतं तर!" मी ऐकलं आणि पुढच्या पानावर गेले.

आता हात का वर केला नाही ते. नणंदबाई गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं आणि तुम्हाला वाढलं नाही. बापाची पाठ डोळ्यांपुढून हलत नव्हती. मनात म्हटलं, नाहीतरी उपाशी ठेवते म्हणूनच नाव झालंय ना, मंग घ्या! दुपार टळलीय. तुम्ही ओट्यावर बसून आहात, मी आत दाराआड उभी. काकू विचारतात, "जेवलात का?" मी कान टवकारते. आता तरी तुमची तक्रार खरी ठरणार. आणि तुम्ही म्हणता, "हो की. सुनेनं पोटभर वाढलं. लई गुणाची हाय माझी पोरगी."

तेव्हाही मी ताट वाढलं नाही, आत्याबाई. चार वर्षांत एकदा माझ्या बाजूनं बोललात, आणि ते नेमकं त्या दिवशी. संतापानं आणि लाजेनं मी तिथंच खाली बसले. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, तुमच्या मुलालाही नाही. हे लिहितेय तो कागदही कुणाच्या हाती पडू देणार नाही.

दिवेलागणीला मी ताट वाढलं. त्या दिवशी ओट्यावर नाही, आत, चुलीपाशी. तुम्ही ते हातानं बाजूला सरकवलंत. "आत्ताच तर जेवले की गं," म्हणालात, "तूच तर वाढलंस." मी पाया पडले, भाकर कुस्करून तोंडाशी धरली. तुम्ही घास घेतला नाहीत.