पट्टा सटकला तेव्हा

चि. भाचेबुवांना मामाचे आशीर्वाद, आणि मामीचे जरा जास्तच.

आम्ही इथे ठणठणीत आहोत. मामीचा गुडघा मध्यंतरी रुसला होता, पण तुझ्या कार्यक्रमात ती इतकी नाचली की तो बिचारा घाबरून बरा झाला. तुझी तब्येत कशी आहे? वेळेवर जेवत जा. तू विचारलं आहेस की मामा, खरं सांग, रेकॉर्ड बरी की स्टेज? स्टेजवर फजिती झाली, आता घरी बसून नुसत्या रेकॉर्डच काढाव्यात म्हणतोस. खरं विचारलंस, तर खरं ऐक.

रेकॉर्डची सर कशालाच नाही. माझ्या जुन्या शिलाई मशीनचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घालून तू जे काय काढलं आहेस, ते मी दुकानात रोज दुपारी लावतो. (बाहेर गिऱ्हाइकाला वाटतं, मास्तर कामात बुडालेत. आत मास्तर कापडाच्या ताग्यावर डोकं ठेवून घोरत असतात.) टाका चुकत नाही, दोरा तुटत नाही. असं मशीन मला चाळीस वर्षांत मिळालं नाही.

आता स्टेज. तुझ्याआधी ती काळे चष्मे घातलेल्या दोघांची जोडी आली. त्यांची रेकॉर्ड तू ऐकवली होतीस, पत्र्यावर गारा पडाव्यात तशी, झकास. स्टेजवर त्यात सूतभरही फरक नाही! दोघं मान खाली घालून बटणं फिरवत होते. (मामीला वाटलं, वीजवाले आलेत.) घरच्यासारखंच ऐकायचं, तर इस्त्रीचे कपडे घालून बाहेर कशाला पडायचं? मग तू आलास. हाताने बटणं, पायाने माझं मशीन. पहिल्या मिनिटातच मी मामीला म्हटलं, पट्टा सैल आहे, सटकणार. तिने मला गप्प बसवलं. आणि ऐन रंगात सटकलाच. खालचं चाक फिरतंय, सुई ढिम्म. हॉलभर शांतता, तुझा चेहरा पांढराफटक. मला राहवेना. लोकांचे पाय तुडवत वर चढलो, पट्टा चढवला, आणि सवयीने स्टुलावर बसलो तो बसलोच. लोकांना वाटलं, हे कार्यक्रमातलंच आहे. ते नाचायला लागले तसा माझाही पाय सुटला. जन्मभर लोकांची मापं घेतली, पण माझ्या पायाच्या ठेक्यावर तीनशे माणसं उड्या मारताना कधी पाहिली नव्हती. फार फार आनंद झाला रे मला.

तरीही माझं मत रेकॉर्डलाच. स्टेजवर कशाचा भरवसा नाही.

तुझा मामा

ता. क. : सोबत मशीनचा नवा पट्टा पाठवतो आहे, चांगल्या चामड्याचा.

आणखी ता. क. : पत्र पाकिटात घातलं, रेकॉर्ड लावली आणि आडवा झालो. त्या दिवशी पट्टा सटकला होता ती जागा आली, तसा मी ताडकन उठून बसलो. हात पट्टा चढवायला पुढे गेला. पण पट्टा सटकलाच नाही! रेकॉर्ड आपली तशीच पुढे गेली, आणि मला इतकं चुकल्याचुकल्यासारखं झालं की झोप गेली ती गेलीच. तेव्हा वरचं मत खोडलं असं समज. स्टेज सोडू नकोस. पुढचा कार्यक्रम कधी ते कळव, आम्ही पहिल्या रांगेत बसतो, पायऱ्यांच्या बाजूला. आणि नवा पट्टा एवढ्यात बसवू नकोस.