गळक्या बादलीची आठवण

सोमवार, ३ तारीख
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या मागे काहीतरी राहायला हवं.
आमच्या गोंदाच्या कारखान्यात टाकीतलं तापमान आणि पातळी दोन्ही सांभाळायची असतात. एकाला गोंजारलं की दुसरं रुसतं. त्यावर माझा उपाय फ्रॅक्शनल कॅल्क्युलस! लोक डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा वेग, एकदा घेतात, फार तर दोनदा. माझा कंट्रोलर, म्हणजे टाकीचे नळ आपोआप सांभाळणारं यंत्र, अर्धाच घेणार. अर्ध्यात मागचं सगळं लक्षात राहतं, ही खरी गंमत.
साहेब म्हणाले, शनिवारी चालवून दाखवा, चीफ इंजिनिअरची खुर्ची तुमची. नाहीतर तुमच्या मेहुण्याची.
मेहुणा माझ्या हाताखाली आहे. आणि तिथेच राहील.

मंगळवार
घरी बाथरूममध्ये चाचणी. बायको चांगली बादली देईना. गळकी घेतली.
अप्रतिम! पातळी उतरतेय हे ओळखून कंट्रोलर पाणी सोडतच राहिला. हॉलपर्यंत. बायको म्हणाली, बादलीपेक्षा तुमचं डोकं जास्त गळतंय. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

गुरुवार
पहाटे उठून भाषण लिहायचं ठरवलं होतं. गजर नीट वाजला नाही. वाजला असं बायको म्हणते.

शुक्रवार
कंट्रोलर टाकीला जोडला. मेहुणा म्हणे, भाऊजी, आधी बादलीचा डेटा पुसा, टाकी काही गळत नाही. म्हटलं, अरे शहाण्या, आठवण हाच याचा जीव! जळतो मेला.
जाताना चीफच्या खुर्चीत बसून पाहिलं. मऊ आहे. केबिन टाकीच्या बरोबर खाली.

शनिवार, सकाळी ११
चालू केला. मी आधीच खुर्चीत. तापमान सुतासारखं सरळ. पातळी वर. आणखी वर. कंट्रोलरचा उत्साह दांडगा आहे. मेहुणा बंद करा, बंद करा म्हणतोय. दुर्लक्ष केलं. भाषणाला उठतो.

शनिवार, संध्याकाळी
भाषण चांगलं झालं. मागे काहीतरी टपटपत होतं, ती दाद वाटली. संपवून ऐटीत खाली बसलो.
कंट्रोलर बादली विसरला नव्हता. टाकी उतू जाऊन गोंद खुर्चीत सांडला तरी भरतच राहिला.
गोंद मात्र एक नंबर. चौघांनी ओढूनही मी सुटलो नाही. साहेबांनी तिथल्या तिथे मेहुण्याला चीफ केलं. त्याची पहिली ऑर्डर, भाऊजींना खुर्चीसकट घरी पोचवा.
टेम्पोतून आलो. बायकोनं दार उघडलं. वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. म्हणाली, मिळाली वाटतं खुर्ची.